झाकणाशी दोन बोटं

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी बूड टेकत नसे म्हणून पडलं, आणि डोंगरातल्या सायकल शर्यती हाच पुढं तिचा पोटापाण्याचा उद्योग झाला तरी चिकटून राहिलं. दगड, मुळं, ओढे, छाती फोडणारे चढ, आणि त्याच वाटेवर फेरीमागून फेरी. चिखलानं माखून ती घरी आली की बाप दारातच अडवायचा, "कोण, लेक का बटाटा? आधी धुऊन ये, मग ओळख सांग."

आई शिवणकाम करायची. भिंगरीची पहिली जर्सी तिनंच शिवली, कुणाच्या तरी पडद्यातून उरलेल्या पिवळ्याधमक कापडाची. पुढं पगार देणारा संघ मिळाला, तोही नशिबानं पिवळाच. या शर्यतींत पाणी वाटेल तिथं घेता येत नाही. चढावर आखून दिलेल्या पट्ट्यातच, चालत्या सायकलवरून बाटली उचलायची. तिथं कायम आई उभी. झाकणाशी दोन बोटांत बाटली धरलेली, हात ताठ. भिंगरीचा हात लागला की बाटली अलगद सुटायची. आईला हाक मारलेली मात्र खपत नसे. "दम चढाला ठेव. मला दिसतेस तू."

मग संघ बदलला. पगार वाढला, जर्सी करडी झाली. त्या वर्षी आईचं गणित बिघडलं. एकदा बाटली नुसतीच धरून राहिली आणि भिंगरी कोरड्या घशानं पुढं गेली. एकदा तर दुसऱ्याच संघातल्या पिवळ्या पोरीला देऊन बसली. वय झालं, म्हणून भिंगरीनं गिळलं. सुईत दोरा ओवून द्यायला हल्ली शेजारची पोर घरी येते, तेही तिनं पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

मॅनेजरनं सोडलं नाही. पुढच्या शर्यतीवर देशाच्या संघाची निवड होती. पाणी आमचा मेकॅनिक देईल, म्हणाला, आईंना तुम्हीच काय ते सांगा.

सांगायचं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. आई मीठ-साखरेचं पाणी ढवळत होती.

"आई, उद्या ना..."

"काय? साखर कमी करू?"

"नको. राहू दे."

शर्यतीत मेकॅनिक पट्ट्याच्या तोंडाशीच उभा राहिला आणि आई नेहमीसारखी वरच्या टोकाला. भिंगरीनं त्याच्याकडून बाटली घेतली आणि मान खाली घालून आईसमोरून गेली. आता ही काहीतरी बोलेल. आई बोलली नाही. पुढच्या फेरीलाही नाही. हात तसाच ताठ, तोंड वळणाकडे. रागावली, भिंगरीला वाटलं. मग तिलाच आईचा राग आला, आणि त्या रागात पाय असे काही चालले की ती तिसरी आली. निवड झाली. गळ्यात पदक पडलं.

ती चढ चढून वर गेली तेव्हा पट्ट्याच्या फिती गुंडाळायचं काम चाललं होतं. खालच्या मैदानातला कर्णा इथवर नुसता गुरगुरत होता. आई जागेवरच होती, बाटली दोन बोटांत. समोर आलेल्या करड्या आकृतीकडे तिनं तोंड वळवलं.

"बाई, सगळ्या गेल्या का हो? माझी लेक आलीच नाही. कुठं पडली असेल. कुणीतरी बघा ना."

भिंगरीनं हात पुढं करून बाटली धरली. आईची बोटं नेहमीसारखी अलगद सुटली, आणि चेहरा उजळला.

"आलीस होय! पडलीस का गं?"

"हो," भिंगरी म्हणाली. "पडले."

आईनं तिथंच तिला चाचपायला घेतलं. कोपरं पाहिली, गुडघे पाहिले, तळहात उलटेसुलटे केले. कुठं खरचटलेलंही नव्हतं. मग हात खांद्यावरून गळ्याशी आला आणि फितीवर थांबला. पदकापर्यंत गेला नाही.

"लागलं नाही ना," आई म्हणाली. "बरं झालं. पाणी पी. तापलं असेल आता."

भिंगरी पुढं बरीच वर्षं शर्यती खेळली. आई डोंगरावर पुन्हा आली नाही. गुडघे धरतात, म्हणायची. बाटली मात्र घरून भरून द्यायची, झाकण घट्ट लावून. तिथं कोण उभं असतं, ते तिनं कधी विचारलं नाही.