अंगातला शर्ट काढा

आमच्या घरात कुत्र्यांचे केस आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. केस निदान झाडता तरी येतात.

माझी पल्लवी सोळा वर्षांची आहे, ऑटिस्टिक. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत. माझ्याशिवाय एक रात्रही ती झोपलेली नव्हती, म्हणून माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन मी सारखी पुढे ढकलत होते. तिला माणसं नकोत पण कुत्री हवीत, म्हणून गावाला जाणाऱ्यांची कुत्री घरी सांभाळायचं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं. "आपल्या देवळी गावात कोण ठेवते वो कुत्रं मुक्कामी?" माझी बहीण शीला म्हणाली. मलाही तेच वाटत होतं.

*

पहिलं गिऱ्हाईक बँकेतले साहेब, सोबत लॅब्राडॉर. पल्लवी चक्क बाहेर आली!

मालकाचा वास जवळ असला की कुत्रं घाबरत नाही, म्हणून मालकाने वापरलेला, न धुतलेला कपडा ठेवून जायचा, हा तिचा नियम. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट आणला होता. तिने हुंगून परत दिला.

"याले साबणाचा वास येते. अंगातला काढा."

साहेब माझ्याकडे बघतात, मी भिंतीकडे. शेवटी त्यांनी काढला, आणि बनियनवर स्कूटर चालवत भर बाजारातून घरी गेले.

*

शेजारच्या काकू तणतणत आल्या. "कुकरची शिट्टी झाली का कान झाकते ही पोरगी. अन् एवढे कुत्रे भुकते ते चालते?"

त्यांना उत्तर दिलं पल्लवीने. काकूंशी ती आजवर एक शब्द बोलली नव्हती.

"कुकर न सांगता वाजते. कुत्रा पयले कान उभे करते."

*

एक शिक्षिका पॉमेरेनियन ठेवून नागपूरला लग्नाला निघाल्या.

"किती वाजता येता?"

"सहा-साडेसहा."

"सहा का साडेसहा?"

"सहा," म्हणाल्या, आणि उगवल्या आठला. पल्लवी कुत्र्याला घेऊन दारातच बसलेली. "माफी मांगा."

"सॉरी बेटा."

"मले नाई. त्याले."

बाई खरंच खाली वाकल्या. मागून त्यांचे यजमान म्हणाले, "माफी मांगता येते हिले? मले आजच समजलं."

*

शेवटी दुखणं हाताबाहेर गेलं आणि ऑपरेशनची तारीख घ्यावीच लागली. शीला राहायला आली. निघताना पल्लवी दारात उभी.

"किती वाजता येशील?"

"परवा. पाच वाजता."

"पाच का साडेपाच?"

"पाच."

ती ना रडली, ना ओरडली. दार लावून घेतलं. रिक्षात मीच रडले, यांनी नुसता माझा हात धरला.

वॉर्डात टॉवेल काढायला बॅग उघडली. सगळ्यात वर पल्लवीचा पिवळा कुडता. काल दिवसभर अंगात होता तोच, चुरगळलेला, कुत्र्यांच्या केसांसकट.

नर्स म्हणाली, "ताई, हा धुवाचा राह्यला वाटते."

तेवढ्यात शीलाचा फोन आला. "अवं, पल्लवी मांगं लागली, तुले फोन कर म्हणून. विचारून राह्यली, आई जेवली का? अन् भुकली तं नाई ना?"