सीलबंद पोत्यातले बेहडे

"सील शाबूत आहे, साहेब!" भिवंडीच्या कोर्टात मी छाती फुगवून सांगितलं. शिपायाने पोत्याची शिवण उसवली आणि आतून पतंगासारख्या बारीक करड्या पाखरांचा थवा उठला. एक थेट मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या चष्म्यावर बसलं.

सत्तरच्या दशकात मी फॉरेस्ट खात्यात नवा राउंड ऑफिसर होतो. गणेशपुरीच्या बाजूला विनापास बेहडे, म्हणजे औषधाला लागणारी रानफळं, नेणारी बैलगाडी पकडली, ती माझी पहिली केस. रेंजरसाहेबांनी बजावलं होतं, "केस पडली तर नोकरीचं कन्फर्मेशन विसरा."

पकडलेला माल म्हणजे मुद्देमाल. आमचं गोदाम सागाने भरलेलं. अशा वेळी माल एखाद्या भल्या माणसाकडे ठेवायची पद्धत होती. माझे भले माणूस लूमवाले करीमशेठ. त्यांच्या कापडाच्या कारखान्यात पोती रचली आणि प्रत्येकावर लाखेचं सील ठोकलं.

पावसाळ्यानंतर शेठ ऑफिसात आले.

"साब, तुमच्या बोरीतून पाखरं निघतात. सुतावर बसतात, कापडात चिरडून डाग पडतात. खोलके देखो तो सही!"

"सील तोडता येत नाही, शेठ. कोर्टाचा माल आहे."

मी रेंजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सील आहे ना? मग माल आहे."

मला हे इतकं पटलं की जाऊन सिलांवर आणखी लाख ओतून आलो.

जंगलातलं हे बारीक पाखरू झाडावरच्या फळावरच अंडी घालतं. अळी आत शिरून बी पोखरते. म्हणजे खाणारे माझ्या आधीच पोत्यात बसले होते. मी त्यांना फक्त सरकारी बंदोबस्त पुरवला.

कोर्टात आरोपीचे वकील उठले. "पंचनाम्यात पोतं गच्च भरलेलं. इथे अर्धं, तेही भुसा. सील तुटलं होतं?"

"मुळीच नाही!"

"मधे कोणी उघडलं?"

"शक्यच नाही!"

"मग साहेब, पोतं पहिल्यापासून असंच होतं. पंचनामा खोटा आहे."

मी रेंजरसाहेबांकडे पाहिलं. ते अत्यंत एकाग्रतेने टोपीवरचं पाखरू हाकलत होते.

केस पडली. बाहेर गाडीवानाने मला गाठलं. "सायेब, पुढच्या टायमाला पाखरांना पन धरा. माल त्यांनी खाल्लाय, मी न्हाय."

कन्फर्मेशन लांबलं आणि माझी नेमणूक गोदामावर झाली. तिथे एक गोष्ट शिकलो. सील माणसाला बाहेर ठेवतं. आत कोण बसलंय, ते लाख वितळवण्याआधी बघावं.