न थरथरणारा आकडा

आज दुरुस्तीच्या एका दुकानातून तारांना डाग देताना वितळणाऱ्या राळेचा गोडसर धूर आला आणि मी अंधेरीच्या कारखान्यातल्या त्या पिवळ्या दुपारी जाऊन उभा राहिलो. नवजात बाळांच्या उबदार पेटीतला बिघडलेला सेन्सर ओळखणारी आमची आज्ञावली थोरल्या साहेबांना सुचली, असे काही सहकारी सांगतात. ती योगायोगाने सापडली, असे इतर लिहितात. दोन्ही खोटे आहे, कारण मी तिथे होतो. काचांतून ऊन झिरपत होते, पंखे गुंगीत फिरत होते आणि पडद्यावर पेटीचे तापमान तासभर एकाच आकड्यावर थांबले होते. "झकास, काय स्थिर चाललंय," साहेब म्हणाले. जुळणीच्या टेबलावर भांडुपहून येणारी एक बाई प्रत्येक सेन्सरवर फुंकर घालून पाहत असे. तिने पेटीत वाकून फुंकर घातली. आकडा तसाच राहिला. "स्थिर कसला, साहेब? मेलाय तो. जिवंत असता तर जरा तरी थरथरला असता ना." तार तुटलेली निघाली, यंत्र शेवटचाच आकडा दाखवत बसले होते. न थरथरणाऱ्या आकड्यावर अविश्वास दाखवणारी आज्ञावली मी त्याच आठवड्यात लिहिली. पेटंटच्या अर्जात शोधकाचे नाव भरताना मी तिला विचारले. "माझं कशाला? तुम्ही शिकलेले, तुमचंच टाका," ती हसून म्हणाली. इतरांच्या कहाण्या मी आजवर प्रत्येक सभेत खोडून काढल्या. मात्र त्या अर्जावर एकच नाव आहे, आणि ते माझे आहे.