वीसपैकी अकरा तुकडे

यादी मी गुरुवारीच पाठवली होती. प्रोटीनचे वीस तुकडे, एका बाईसाठी. तिचं नाव मला माहीत नाही; आमच्या लॅबकडे फक्त पेशंटचा नंबर येतो आणि वय. बावन्न. कॅन्सरच्या गाठीत झालेल्या बदलांपैकी कोणते तुकडे शरीर परके म्हणून ओळखेल, याचा अंदाज आमचा प्रोग्रॅम बांधतो. त्यावरून फक्त तिच्यासाठी लस बनते. शनिवारी ती लस बनवायला घेणार होते.

शुक्रवारी मी भरे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवरून काम करते. सहज फाइल पुन्हा उघडली. पेशी हे तुकडे ताटलीवर मांडल्यासारखे बाहेर दाखवतात आणि प्रत्येक माणसाच्या ताटल्या वेगळ्या. तिच्या ताटल्या कोणत्या, ते मी रक्तावरून काढलं होतं. पण गाठीतून एक ताटली गायब होती. गाठी असं करतात, शरीरापासून लपायला. ते तपासायची पायरी मी घाईत सोडली होती. वीसपैकी अकरा तुकडे त्याच ताटलीवरचे. लस शरीराला ते अकरा तुकडे शोधायला लावणार आणि गाठीवर ते दिसणारच नाहीत.

लॅबच्या सरांना मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला. मी फोन करत नाही कुणाला. आधी मनात इंग्रजीत वाक्यं जुळवते आणि तोवर वेळ निघून जाते.

ओसरीवर घरमालकीण काकू तांदूळ निवडत होत्या.

"कवाधरनं फोन धरून बसलीयास. कुनाला लावायचाय?"

"सरांना. माझी चूक झालीये."

"मंग लाव की. खातोय व्हय त्यो तुला?"

"काकू, मोठी चूक आहे."

"मंग तर लवकर लाव." त्यांनी सुपावरची नजर उचलली नाही.

लावला. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मराठीतच, अडखळत सांगितलं. सर म्हणाले, "मी यादी थांबवतो. नवी कधी देशील?"

"तीन दिवसांत."

"त्यांच्या डॉक्टरांना उशीर कळवावा लागेल."

फोन ठेवला. उशीर त्या बाईला कोण सांगेल, कसा सांगेल, आणि तिच्याकडे तीन दिवस जास्तीचे आहेत का, हे मी विचारलंच नव्हतं. फाइल उघडली आणि सोडलेल्या पायरीपासून सुरुवात केली.