दाताखालचा रुपया

"पुस्तक टेबलावर ठेव. मी उचलतो."

अण्णा असं म्हणाले तेव्हा देवघेवीच्या टेबलापुढे सहा-सात वाचक उभे होते. अण्णा म्हणजे आमच्या वाचनालयाचे कार्यवाह. उल्हासनगरात फर्निचरचं दुकान, अंबरनाथमध्ये शिवमंदिराच्या रस्त्याला तीन मजली घर. त्यांना हवी असलेली कादंबरी मी शोधून आणली होती आणि हातात धरून पुढे केली होती. त्यांनी हात खिशात घातला. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. मग त्यांनी ते दोन बोटांनी उचललं.

आणि लगेच, त्याच खिशातून रुपयाचं नाणं काढलं. ते काही टेबलावर ठेवलं नाही. माझ्या तोंडासमोर धरलं.

"जरा दाताखाली धर ना. गल्ल्यात ठेवतो. तुम्हा लोकांचा रुपया लागतो धंद्याला. बरकत येते."

बाजारात हे चालतं. आमच्या तृतीयपंथीयांतली कुणी दुकानावर आली की तिच्याकडून एक नाणं चावून घेतात आणि गल्ल्यात जपून ठेवतात. पण हा बाजार नव्हता. मी मागायला आले नव्हते. मी कामावर होते. मागे कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाल्या, "माझ्या नातवाच्या डोक्यावरपण हात ठेव हां."

मी तो रुपया घेतला. दाताखाली धरला. परत दिला.

हो, दिला. खोटं कशाला सांगू. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली मी, या वाचनालयातल्या एकूण एक पुस्तकाला वर्गांक देणारी मी. पुस्तकाला माझा हात चालत नव्हता आणि गल्ल्याला माझे दात चालत होते. हे मला तिथेच कळलं होतं. तरी दिला. नोकरी जाईल म्हणून.

मी इथे लागले ती जुन्या नावाने, शर्ट-पॅन्टमध्ये. ते नाव मी इथे लिहिणार नाही. दोन वर्षांनी राजपत्रात नाव बदललं, आधार कार्ड बदललं, आणि एका सोमवारी पंजाबी ड्रेस घालून कामावर आले. सगळी कागदपत्रं अण्णांच्या पुढ्यात ठेवली. ते म्हणाले, "बघू, मीटिंगमध्ये विषय घेऊ." विषय कधी आलाच नाही. हजेरीपत्रकावर जुनंच नाव राहिलं. रोज सकाळी मी त्या मेलेल्या माणसापुढे सही करायचे.

रुपयाची गोष्ट त्या दिवशी चामटोलीला घरी जाऊन आईला सांगितली. आई शेतावरून येऊन पाय धूत होती. तिने मला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "रुपया चावलास? मंग बोलायला काय झालं व्हतं त्या तोंडाला?"

मला तिचा राग आला. त्या रात्री मी जेवले नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी मला देवघेवीवरून उठवलं. "वाचक बिचकतात गं. लेडीज येतात, पोरं येतात. तू मागच्या खोलीत बस. फाटलेली पुस्तकं चिकटव, आरामात." टेबलावर शिपाई बसला. त्याला कथासंग्रह आणि कादंबरी यांतला फरक माहीत नव्हता, पण तो कुणाला बिचकवत नव्हता. मी खोलीत खळ लावत बसले. वाचकाला एखादं पुस्तक सापडलं नाही की शिपाई दाराशी येऊन विचारायचा. मी जागेवरून सांगायचे, डावीकडचं तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. तो जाऊन आणायचा. वाचक त्याला थँक्यू म्हणायचे.

मग तपासणी आली. जिल्ह्यावरून अधिकारी येतात, दप्तर बघतात, आणि दाखल नोंदवहीतले कुठलेही दहा क्रमांक काढून म्हणतात, ही पुस्तकं दाखवा. सापडली नाहीत तर वाचनालयाचा दर्जा खाली येतो. अण्णांनी भिंतींना रंग देऊन घेतला, हार आणला, वडापाव सांगितले. ग्रंथपालाच्या खुर्चीत आपल्या सूनबाईंना बसवलं. कागदोपत्री ग्रंथपाल त्याच. महिन्यातून एकदा सहीला यायच्या.

मला म्हणाले, "तू आत बस. बाहेर येऊ नको. तपासणीच्या मॅडमला उगाच प्रश्न पडतील."

मी आत गेले. मागे दार ओढल्याचा आवाज आला. मग कडीचा.

कडी. बाहेरून. मी चोर नव्हते, वेडी नव्हते, पिसाळलेलं कुत्रं नव्हते. मी खळीच्या वाटीपाशी उभी राहिले आणि दाराकडे बघत राहिले. जिवाचा नुसता संताप झाला. आईचा नाही, आता ज्याचा यायला हवा त्या माणसाचा राग आला.

भिंतीपलीकडे मॅडमनी क्रमांक वाचले. मग नुसती धावपळ ऐकू आली. सूनबाई पुस्तकांच्या पाठीवर दाखल क्रमांक शोधत होत्या. पाठीवर वर्गांक असतो. दाखल क्रमांक आत असतो, पानावर. हे आमच्या अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ऐकत होते आणि, सांगायला लाज कसली, मला मजा येत होती. अर्धा तास झाला. एकही पुस्तक नाही.

कडी निघाली. अण्णा आत डोकावले. घामाघूम. त्यांनी हळूच मला जुन्या नावाने हाक मारली.

मी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ लावत राहिले.

"ए, ऐकतेस ना? चल लवकर. इज्जतीचा सवाल आहे."

"कुणाला बोलावताय? त्या नावाचं इथे कुणी नाही."

"अगं, आता ते सोड ना. मॅडम थांबल्यात."

"माझ्या नावाने हाक मारा. मोठ्याने. मॅडमना ऐकू जाईल अशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. फर्निचरवाल्यापुढे एखाद्या स्टुलाने तोंड उघडावं तसं. तीन-चार वेळा ओठ हलले. मी ब्रश वाटीत बुडवला. घाई त्यांना होती, मला नव्हती.

शेवटी त्यांनी हाक मारली. माझं नाव. मी निवडलेलं, राजपत्रात छापलेलं. सगळ्या वाचनालयाला ऐकू गेलं.

मी हात धुतले, ओढणी नीट केली आणि बाहेर गेले. दहाच्या दहा पुस्तकं काढून मॅडमपुढे ठेवली. पुस्तकांचा काही गुन्हा नव्हता. मग म्हणाले, "मॅडम, ही पुस्तकं मी लावलीत. ग्रंथपालबाई महिन्यातून एकदा येतात. आणि मागच्या खोलीला आत्ता बाहेरून कडी होती. मी आत होते. हेपण लिहा."

अण्णा म्हणाले, "मॅडम, ती जरा..."

"जरा काय?" मॅडमनी विचारलं. अण्णांनी वडापावची प्लेट पुढे सरकवली.

मॅडम काही माझ्या बाजूच्या वगैरे नव्हत्या. माझ्याकडे धड बघितलंही नाही. त्यांनी माझी कागदपत्रं मागितली, वाचली आणि शेरे लिहिले. ग्रंथपालाने पूर्णवेळ हजर राहावे. हजेरीपत्रकावरचं नाव दुरुस्त करावं. कर्मचाऱ्याला कोंडल्याबद्दल खुलासा द्यावा. वडापाव न खाता निघून गेल्या. त्या शेऱ्यांची प्रत मी त्याच दिवशी काढून घेतली. ती चामटोलीला आईच्या ट्रंकेत आहे.

दुसऱ्या दिवशी मी शिपायाला उठवलं आणि देवघेवीच्या टेबलावर बसले. कुणाला विचारलं नाही.

चार दिवसांनी अण्णा आले. आवाजात साखर. "झालं गेलं विसर. आपण घरचीच माणसं." मग म्हणाले, त्या कादंबरीचा दुसरा भाग आलाय ना, दे. मी उठून आणला. हातात धरला आणि पुढे केला. त्यांचा हात खिशात गेला.

"ठेव ना टेबलावर."

मी ठेवलं नाही. मागे रांग लागली होती. नातवावर हात ठेवायला सांगणाऱ्या बाई रांगेत होत्या. सगळे बघत होते. माझा हात भरून आला, पण खाली आला नाही. अण्णा पुस्तक न घेता गेले. मी पुस्तक खणात ठेवलं आणि त्या बाईंना म्हणाले, "पुढे या. हातातून घ्या." त्यांनी घेतलं.

येत्या रविवारी कार्यकारिणीची मीटिंग आहे. माझा विषय आता घाईने आलाय. मला काढायचा. काढून बघा. शेऱ्यांची प्रत घेऊन मी जिल्ह्याला जाईन, तिथून कोर्टात जाईन, आणि परत येऊन याच टेबलावर बसेन. मी काही विसरलेली नाही. कोण हसलं, कुणाचा सभासद क्रमांक काय, सगळं माझ्या डोक्यात जागेवर लावलेलं आहे.

दुसरा भाग अजून माझ्या खणात आहे. अण्णा, पहिल्याचा शेवट तुम्हाला झोपू देत नसेल, मी वाचलाय तो. पुस्तक हवं तर माझ्या हातातून घ्या. नाहीतर तसेच तडफडा. आणि तो रुपया पुन्हा माझ्या तोंडापाशी आणू नका. दात तेच आहेत. या वेळी तुमची बोटं वाचणार नाहीत.