मावशींची निळी साडी

"अहो, ती सिस्टर नाही. फरशी पुसते ती."

भरल्या वॉर्डात मॅडम माझ्याकडे बोट दाखवून हे म्हणाल्या. मॅडम म्हणजे वारजेतल्या त्या छोट्या हॉस्पिटलच्या मालकीण. आरोग्य खात्याच्या तपासणीचे साहेब शेजारीच उभे. खाटेवरच्या आजोबांनी सवयीनं मला "सिस्टर" अशी हाक मारली होती, एवढंच. त्यांच्या हातातली सलाइनची सुई सकाळी मीच लावलेली.

माझ्या अंगावर निळी साडी होती, सफाईच्या मावशींची. तिथली रीतच ती. तपासणी आली की नर्स म्हणून नोंदणी नसलेल्या आम्ही तिघी पांढरा ड्रेस काढायचो, मावशींच्या साड्या गुंडाळायचो, पोछा घ्यायचो. साहेब गेले की पुन्हा सिस्टर. माझी आई वाशिमकडे दुसऱ्यांच्या रानात राबते. झाडूची मला लाज नाही. पण आजोबांनी सुईचा हात हळूच चादरीखाली घेतला. त्यांना माझी भीती वाटली. ते अजून सलतं.

तालुक्यातल्या नर्सिंग क्लासच्या सर्टिफिकेटवर नर्स होता येत नाही, हे मॅडमना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर आम्ही स्वस्तात पडलो. साहेबांना संशय आला, त्यांनी ताकीद दिली, आणि दुपारी मॅडमना एकदम कायदा आठवला. तिघींना कामावरून काढलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्यापासून मावशी म्हणून या. काम तेच. साडी तेवढी निळी."

दोघींनी मान खाली घालून होकार दिला. त्यांना नावं ठेवणार नाही. खोलीचं भाडं कुणाला चुकलंय?

मी म्हणाले, "कायदा बरोबर आहे, मॅडम. फरशी सांगा, पुसते. सुई धरणार नाही."

"मग आपण निघावं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला 'आपण' म्हणाल्या.

गेटपर्यंत कुणी आलं नाही. बसस्टॉपवर बसले. एवढ्या मोठ्या पुण्यात हे सांगावं असं एक माणूस नव्हतं. तेवढ्यात आईचा फोन. लाडानं म्हणाली, "जेवली का वं, सिस्टर?"

गावभर ती हेच सांगत फिरते. आज मात्र खोटं बोलवेना.

"आई, मी सिस्टर नाही."

ती म्हणाली, "मंग कोन हायेस तू?"

"अजून कुणी नाही," मी म्हणाले.

आता सरकारमान्य कोर्स करणार. धुणीभांडी करीन, पण करणार. नोंदणी हातात येईपर्यंत कुणाच्या शिरेला सुई लावणार नाही. आणि कुणाला काही लपवायचंय म्हणून दुसऱ्याची साडी पुन्हा नेसणार नाही.