दिवेलागणीनंतरची भाकर

कारंज्याच्या सूरजबाई शेठाणींनी नोकरीवाल्या पोरींसाठी बोर्डिंग काढलं, त्या दिवसापासून कोठीची किल्ली चतुराबाईच्या कमरेला होती. कामरगावची ही विधवा तिथं सर्वेसर्वा. मास्तरणी, दवाखान्यातल्या नर्सबाया, सगळ्या तिला वचकून असत.

सूरजबाई जैन; सूर्य बुडाल्यावर घास घेत नसत. चतुराबाईनं ते पाहिलं आणि कुणी न सांगता बोर्डिंगातही तोच नेम लावला. दिवे लागले की चूल बंद, कोठीला कुलूप. "शेठाणीचा हुकूम हाय," असं वर ठोकून सांगायची. दवाखान्यातून उशिरा सुटणारी विजयमाला तीन वर्षं कितीदा पाणी पिऊन निजली!

मग भाकरी थापायला मानोऱ्याची प्रयागबाई आली. दोन महिन्यांत पोरी तिला मावशी म्हणू लागल्या. चतुराबाईला सहा वर्षांत "बाई"च्या पुढं कुणी काही म्हटलं नव्हतं. तिचा नुसता तिळपापड झाला. वेण्या घालून देते, खिदळते, एवढ्यावर मावशी? पोरी तिच्याभोवती बसल्या की चतुराबाई उगाच भांडी आपटायची.

एका सकाळी तिला परडीखाली उष्टं ताट सापडलं. प्रयागबाई घरी जाताना विजयमालेसाठी भाकर-ठेचा झाकून ठेवत होती तर! "आता कुठं जाशीन, भवाने?" म्हणत चतुराबाई शेठाणीकडं धावली.

सूरजबाई दुपारी स्वतः आल्या. "हा नेम कोनं लावला?"

"तुमच्याच घरचा नं, शेठाणीबाई."

"माहा नेम माह्या पोटाले. या पोरी कायले उपाशी ठेवल्या तुमी?"

प्रयागबाई मान खाली घालून उभी होती. तिच्यादेखत हे ऐकावं लागलं, हेच चतुराबाईला जास्त झोंबलं. शेठाणींनी किल्ली काढून घेतली नाही. उशिरा येणारीला गरम वाढा, एवढं बजावून त्या गेल्या.

त्या संध्याकाळी प्रयागबाई घरी गेल्यावर चतुराबाईनं चूल पेटवली. भाकर थापली, तूप सोडलं, ताट झाकलं. एकदा तरी पोरीनं आपल्याला मावशी म्हणावं, एवढंच तिच्या मनात होतं.

दुपारचं काहीच ठाऊक नसलेली विजयमाला आली. तिनं ताट उघडलं, वाफ पाहून दचकली, मग हळूच विचारलं, "बाई, प्रयागमावशीनं ठेवली का हो? तिले रागावू नका."

मी थापली म्हणावं, तर तीन वर्षं का नाही थापली, तेही सांगावं लागलं असतं.

"हो, तिनंच," चतुराबाई म्हणाली. "खाय गुमान."